जुन्या वायरलेस सेटांतून २ मीटरचा रिपीटर : कोल्हापूर परिसर

शाहूपुरीकर :

नमस्कार मंडळी,

कारखाने, टॅक्सीवाले, सिक्युरिटीवाले सगळे मोबाईलवर गेले आणि त्यांचे व्हीएचएफ सेट भंगारात आले. त्यातून हॅमचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांचा, रिपीटर करू म्हणणारी मंडळी अलीकडे भेटतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला : सेट कुठला घेऊ? माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. सेट मिळून जातो. पैसा आणि डोकं घालायचं ते डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर), केबल आणि अर्थिंगवर, आणि दरवर्षी मृगाआधी वर जाऊन बघणाऱ्या माणसावर. या चारपैकी एक जरी नसेल तर रिपीटर पहिल्या पावसात मुका होतो.

नव्यांसाठी थोडक्यात. ५ वॅटचा हँडी, म्हणजे हातातला सेट, घेऊन रंकाळ्यावरून बोललात तर मधल्या इमारती आणि डोंगर सिग्नल खातात. रिपीटर उंचावर बसतो, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर तेच पुन्हा सोडतो. आपल्याकडे हॅमचा २ मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, आणि रिपीटरचा इनपुट आउटपुटपेक्षा ६०० किलोहर्ट्झ खाली ठेवायची रीत आहे. उंचीचा हिशेब सोपा : मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, म्हणजे किलोमीटरमध्ये रेडिओचं क्षितिज. मैदानापेक्षा ३०० मीटर उंच टेकडी मिळाली तर साधारण ७१ किलोमीटर. म्हणून वॅट वाढवण्यापेक्षा टेकडी शोधा.

आता खरी अडचण. १५ वॅट सोडणारा ट्रान्समीटर आणि मायक्रोव्होल्टचा तिसरा हिस्सा ऐकणारा रिसीव्हर एकाच खोलीत, एकाच अँटेनावर, एकाच वेळी चालू. दोघांच्या पातळीत सुमारे १५८ डेसिबलचं अंतर. ट्रान्समीटरचा आवाज रिसीव्हरपर्यंत पोचण्याआधी ८० ते ९० डेसिबल, म्हणजे दहा कोटी ते शंभर कोटी पट, कमी व्हायला लागतो. ते काम डुप्लेक्सरचं. म्हणून म्हणतो, सेटाचं नंतर बघू.

नवाVU3 :

दादा, नुकताच परवाना मिळालाय. ऑनलाइन छोटा सहा खणांचा डुप्लेक्सर अगदी स्वस्तात दिसतोय. तो घेतला तर? आणि दोन वेगळ्या अँटेना लावून डुप्लेक्सरच टाळता येईल का?

शाहूपुरीकर :

तो छोटा डुप्लेक्सर ट्रान्समिट-रिसीव्हमध्ये ५ मेगाहर्ट्झच्या आसपास अंतर धरून बनवलेला असतो. ६०० किलोहर्ट्झवर त्याची खाच, म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी अडवायची जागा, इतकी अरुंद आणि खोल होऊच शकत नाही. तुमची आउटपुट पॉवर तोच खाईल आणि रिसीव्हर तरीही बहिरा राहील. ७० सेंटीमीटरच्या बँडवरही सांभाळून, कारण आपला तो बँड ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, सगळा मिळून ४ मेगाहर्ट्झ. परदेशातला ५ मेगाहर्ट्झचा शिफ्ट त्यात बसत नाही.

दोन अँटेनांचा मार्ग चांगला आहे, पण अर्धाच. एकाच मनोऱ्यावर एकीच्या बरोबर डोक्यावर दुसरी, मध्ये १० मीटर, असं केलं तर १४५ ला ५५ डेसिबलच्या आसपास सुटका मिळते. उरलेले ३० डेसिबल प्रत्येक बाजूला एक-दोन चांगल्या कॅव्हिटींनी, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या धातूच्या नळ्यांनी, काढायचे. आडव्या अंतराने मात्र फार काही हाती लागत नाही, शेजारच्या गच्चीचा नाद सोडा.

अगदीच सुरुवात करायची असेल तर क्रॉसबँड करा. इनपुट ७० सेंटीमीटरला, आउटपुट २ मीटरला. फिल्टरिंग सोपं होतं, खर्च निम्म्याहून कमी. फक्त बोलणाऱ्याकडे दोन्ही बँडचा हँडी हवा. मी पहिला टप्पा हाच सुचवेन.

उद्यमनगरचा_टर्नर :

लई दिवसानं कुणीतरी आमच्या कामाचं बोललं. कॅव्हिटी म्हंजे शेवटी पायपात पाइपच हाय की. मापं द्या, शिवाजी उद्यमनगरात कुठल्याबी लेथवर हुतंय. पंपाचे शाफ्ट, व्हॉल्व्ह, ऑइल इंजिनची पार्टं करणारी माणसं आमी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करतो. मला रेडिओतलं कळत न्हाई, पण कुठं माप कडक पायजे आणि कुठं सैल चालंल ते सांगितलं तर जमतंय. धातू कुठला पायजे तेबी सांगा.

शाहूपुरीकर :

टर्नरदादा, तुमच्यासारख्या माणसाचीच वाट बघत होतो. सविस्तर लिहितो.

१४५.५ ला पाव तरंगलांबी ५१.५ सेंटीमीटर होते. आतला दांडा त्याहून किंचित आखूड आणि त्याच्या टोकाला सरकणारा तुकडा, म्हणजे ट्यूनिंगला खालीवर जागा राहते. बाहेरचा पाइप दांड्यापेक्षा दहा-एक सेंटीमीटर लांब ठेवायचा. बाहेरच्या पाइपाचा आतला व्यास आणि आतल्या दांड्याचा व्यास यांचं गुणोत्तर ३.६ असेल तर तोटा सगळ्यात कमी. म्हणजे १२५ मिलिमीटरच्या पाइपाला ३५ मिलिमीटरचा दांडा. एसीवाल्यांकडे मिळणारा पावणेदोन इंची नको, १ ३/८ इंची तांब्याचा पाइप घ्या, तो जवळपास ३५ भरतो.

कडक माप कुठं पाहिजे? लांबीत नाही, ती ट्यूनिंगने जुळते. कडक पाहिजे दांडा आणि तळाची चकती यांच्या जोडात. पाव तरंगाच्या कॅव्हिटीत करंट सगळ्यात जास्त तिथं वाहतो. नुसता स्क्रूने आवळलेला जोड पहिल्या दिवशी छान चालतो आणि श्रावणापर्यंत आतून काळा पडतो. तिथं ब्रेझिंगच करा. सरकणाऱ्या तुकड्याभोवतीची बोटं स्प्रिंगची हवीत : बेरिलियम कॉपर मिळालं तर उत्तम, नाहीतर फॉस्फर ब्राँझची पट्टी कापून. प्रत्येक बोट दांड्याला सारख्या दाबाने टेकलं पाहिजे. वरच्या मोकळ्या टोकाला करंट नाही, तिथं व्होल्टेज असतं, तिकडे फक्त धार नको, गोलाई द्या.

दुसरी महत्त्वाची गोष्ट तापमान. तांबं एका अंशाला लाखात १.७ भाग वाढतं. टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत पहाटे १५ आणि दुपारी ४५ अंश, म्हणजे ३० अंशांचा फरक. तेवढ्यात कॅव्हिटी सुमारे ७४ किलोहर्ट्झ सरकते. रात्री नीट जुळवलेली खाच दुपारी जागेवर नसते, आणि लोक म्हणतात "दुपारी रिपीटर ऐकतच नाही." म्हणून ट्यूनिंगचा रॉड इन्व्हारचा, म्हणजे लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा, घालतात. तो तांब्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वाढतो, आणि टोकाचा तुकडा त्याच्यावर टांगलेला असल्यामुळे दांड्याची एकूण लांबी तोच धरून ठेवतो. जुन्या कंपनी-मेड कॅव्हिटी भंगारात दिसल्या तर बाकी काही बघू नका, आतला हा रॉड शाबूत आहे का बघा आणि उचला. चेपलेल्या असल्या तरी चालतील.

हुपरीचा_पाटला :

चांदीच्या मुलाम्याचं कोणी बोललं नाही अजून. आमच्या हुपरीत घराघरांत चांदीचं काम आहे, पैंजणांपासून सगळं. कॅव्हिटीच्या दांड्याला चांदी चढवायची असेल तर जमेल. किती जाड हवी?

तारमास्तर_मिरज :

चांदीचा आग्रह मला पटत नाही. तांब्यापेक्षा चांदी वीज पाच-सहा टक्केच जास्त चांगली वाहते, आणि कॅव्हिटीत फायदा त्याच्याही निम्मा. तांब्याचा दांडा आरशासारखा घासला की पुरे. त्या पैशात चांगली केबल घ्या.

शाहूपुरीकर :

तारमास्तर, तांब्याच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर. पण आपल्याकडे स्वस्तात मिळतं पितळ, आणि लेथवर काम करायलाही तेच सोपं. पितळ तांब्याच्या जेमतेम पंचवीस-तीस टक्के वाहकतेचं. नुसत्या पितळेत तोटा जवळपास दुप्पट होतो. पितळेवर चांदी मात्र खरोखर उपयोगाची.

पाटला, जाडीचं असं : १४५ मेगाहर्ट्झला करंट धातूच्या वरच्या साडेपाच मायक्रॉनच्या आसपासच वाहतो. दागिन्यांना चकाकीपुरता देतात तो मुलामा एखाद्या मायक्रॉनचा, त्यात करंट मावतच नाही, खालच्या पितळेतूनच जातो. १५ मायक्रॉन धरा. दोन गोष्टी कारागिराला आधी सांगा. चांदीखाली निकेलचा थर अजिबात नको, निकेल चुंबकीय असल्यामुळे तोटा उलट वाढवतं. खाली तांब्याचाच थर द्या. आणि काळं पडू नये म्हणून वरून लाख मारतात ती नको, बोटांचा संपर्कच तुटतो. चांदी वरवर काळी पडली तर काही बिघडत नाही.

हुपरीचा_पाटला :

निकेलचं बरं सांगितलंत. पितळेवर आमच्याकडे बऱ्याचदा आधी तेच देतात. तांब्यावर घेऊ. एक नमुना करून देतो, मोजून बघा.

नवाVU3 :

मोजायचं कशावर? रेडिओ तपासायचा सर्व्हिस मॉनिटर तर लाखांत आहे.

तारमास्तर_मिरज :

नॅनोव्हीएनए घे, हातात मावणारं मोजायचं यंत्र आहे. एका कॅव्हिटीची २५-३० डेसिबलची खाच त्याच्यावर स्वच्छ दिसते. सगळा डुप्लेक्सर एकत्र मोजायला मात्र तो पुरत नाही, ७० डेसिबलच्या खाली त्याला स्वतःचाच गोंगाट दिसतो. म्हणून एकेक कॅव्हिटी वेगळी जुळवायची, मग जोडायच्या. जोडणाऱ्या केबलींची लांबीही हिशेबातली असते, हाताला येईल तो तुकडा लावू नको.

शेवटची परीक्षा कानाने. अँटेनाच्या वाटेत अगदी कमकुवत सिग्नल घाल, इतका की खरखरीतून जेमतेम बोलणं कळेल. मग ट्रान्समीटर चालू-बंद करत ऐक. चालू केल्यावर खरखर वाढली तर रिसीव्हर बहिरा होतोय. फरक कळलाच नाही तर पेढे वाट.

आणि केबलबद्दल मी बोलतोच. ३० मीटर आरजी-५८, ही बारीक साधी केबल, म्हणजे १४५ ला ६ डेसिबल गेले, चारातले तीन वॅट केबलमध्येच. तेवढीच अर्धा इंची हेलियाक्स ०.८ डेसिबल खाते. टॉवरचं काम करणाऱ्या ठेकेदारांकडे तिचे उरलेले तुकडे पडून असतात, ३०-४० मीटरचा अखंड तुकडा मिळाला तर सोनं समजा. एलएमआर-४०० मात्र रिपीटरला वापरू नका. तिच्यात अॅल्युमिनियमचा पापुद्रा आणि त्यावर कलई केलेल्या तांब्याची जाळी असते. वाऱ्यात केबल हलली की दोन धातू घासतात आणि डुप्लेक्समध्ये, म्हणजे बोलणं-ऐकणं एकाच वेळी चालू असताना, करकर ऐकू येते. घरातल्या साध्या बेस सेटाला ती उत्तम, इथे नको. खोलीतल्या जोडण्यांना दुहेरी जाळीची आरजी-२१४.

आंबेवाडी_काठ :

मी हॅम नाही, पण वाचतोय आणि एक विचारायचं आहे. आम्ही पंचगंगेच्या काठचे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्या पोरांनाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी घरात होतं. लाईट गेली, फोन उतरले, शिरोलीजवळ हायवे बंद. माळ्यावर बसून बाहेर काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता. नावेत किती माणसं बसली, कुठल्या गल्लीत म्हातारी माणसं राहिलीत, एवढं जरी सांगता आलं असतं तरी खूप होतं. तुमचा रिपीटर अशा वेळी चालू राहील का? सौरऊर्जेवर चालतो म्हणतात, पण तेव्हा आठ-आठ दिवस सूर्य नव्हता.

शाहूपुरीकर :

दादा, हाच प्रश्न या धाग्यात सगळ्यात मोलाचा आहे. मी हे सगळं लिहितोय ते याच्यासाठीच.

नुसतं ऐकत बसलेला रिपीटर पाऊण अँपिअरच्या आत घेतो, दिवसाला १७ अँपिअर-तास धरा. पुराच्या वेळी बोलणं वाढतं. दिवसातला पाचवा हिस्सा तो बोलत राहिला आणि बोलताना ५ अँपिअर घेतले तर आणखी २४. म्हणजे दिवसाला ४० च्या वर. सूर्य धरायचाच नाही असं मानून तीन दिवस काढायचे तर सव्वाशे अँपिअर-तास खरेखुरे हवेत. लेड-अॅसिड अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून तिची २५० ची बँक. लिथियम आयर्न फॉस्फेट दीडशेची पुरते, वजनही टेकडीवर चढवण्याजोगं. आठ दिवसांसाठी मात्र पॉवर ५ वॅटवर आणणं, बोलणं आखूड ठेवणं आणि एक भरलेली बॅटरी वर नेऊन बदलणारा माणूस, याला पर्याय नाही. त्या माणसाचा रस्ता पुराच्या पाण्यातून जात नसावा, हे जागा निवडतानाच बघायचं.

टेलिफोन एक्स्चेंजमधून निघालेल्या २ व्होल्टच्या मोठ्या सेलवर लोकांचा डोळा असतो. सहा सेल ओळीत जोडले की १२ व्होल्ट, चांगले चालतात. त्यांच्याबरोबर येणारा ४८ व्होल्टचा रेक्टिफायर मात्र जसाच्या तसा लावू नका. टेलिफोनवाल्यांकडे पॉझिटिव्ह अर्थला असतो, आपल्या सेटाची बॉडी निगेटिव्ह. थेट जोडलं तर बॅटरी सरळ चासीतून, म्हणजे सेटाच्या बॉडीतून, शॉर्ट होते. मध्ये पूर्ण विलग असा डीसी-डीसी हवाच.

आणि रिपीटरइतकंच खाली बोलणारा माणूस महत्त्वाचा. परवाना असलेला एकेक जण आंबेवाडी, चिखली, शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी अशा ठिकाणी हवा. परीक्षा अवघड नाही. आपत्तीत प्रशासनाच्या सांगण्यावरून निरोप पोचवायला हॅमना मुभा आहे, पण सेट कुणाच्याही हातात देऊन चालत नाही. तुमच्या गावातली दोन पोरं तयार करा, शिकवायला मी येतो.

आंबेवाडी_काठ :

दोन नाही, चार देतो. एक आयटीआयची मुलगी आहे, इलेक्ट्रॉनिक्सवाली. तिला आजच सांगतो.

गगनबावडा_धुकं :

आमच्याकडच्या पावसाचा अनुभव सांगतो. वरून पाणी जात नाही, वाफ जाते. कनेक्टरवर साधी काळी टेप लावलेली असली तर तिच्या आत वर्षभर ओल राहते. आधी स्वतःत वितळून एकजीव होणारी रबर टेप ताणून, तिच्यावर काळी टेप खालून वर गुंडाळत, म्हणजे पाणी कौलांवरून जातं तसं ओघळतं. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या. गंजलेली क्लँप दिसली की बदला, निव्वळ दिसायला वाईट म्हणून नव्हे, गंजलेला जोड डायोडसारखा वागतो आणि नको त्या फ्रिक्वेन्सी तयार करतो. रिसीव्हरला वाटतं कुणीतरी बोलतंय.

आणि वळवाच्या विजा. एप्रिल-मेच्या दुपारी जो कडकडाट होतो तोच खरा शत्रू. मनोरा, केबलची बाहेरची जाळी, वीजमीटर, सौर पॅनेलची चौकट, सगळ्यांचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं. वेगवेगळे खड्डे करून वेगवेगळे ठेवले तर वीज एका खड्ड्यातून दुसऱ्याकडे तुमच्या सेटातून जाते. जांभ्यात खड्ड्याला ओल धरत नाही, म्हणून मी एका लांब खड्ड्याऐवजी तांब्याची पट्टी तीन दिशांना पुरतो. केबल भिंतीतून आत येते तिथंच वीज जमिनीत वळवणारा गॅस-ट्यूबचा अरेस्टर, आत टेबलाजवळ नाही.

नवाVU3 :

आता तरी सेट सांगा!

शाहूपुरीकर :

सांगतो. मोटोरोला जीएम-३०० ची जोडी मिळाली तर मी डोळे झाकून घेईन. मागे १६ पिनांचा सॉकेट आहे, ऑडिओ, पीटीटी (बोलायचं बटण), सिग्नल आल्याची खूण, सगळं तिथंच मिळतं, आत चिरफाड नको. घेताना स्प्लिट, म्हणजे सेटाची फ्रिक्वेन्सीची रेंज, बघा : १४६ ते १७४ मेगाहर्ट्झवाला खाली आपल्या बँडवर आणायला आत जुळवणी लागते, १३६ ते १६२ वाला सरळ चालतो. प्रोग्रॅमिंग डॉसमध्ये होतं, त्यासाठी एक जुना संथ संगणक आणि सिरियल पोर्ट जपून ठेवा, नव्या लॅपटॉपवर डोकेफोड होते. केनवूडचे जुने मोबाईलही चांगले.

मोबाईल सेट सलग बोलायला बनवलेला नसतो. ४५ वॅटचा असेल तर १५ वर आणा, मागे मोठा हीटसिंक आणि पंखा, आणि तीन मिनिटांनी ट्रान्समीटर आपोआप बंद करणारा टाइमआउट. सीटीसीएसएस (ठरलेला बारीक सूर आला तरच रिपीटर उघडणारं कुलूप) लावाच, नाहीतर शहरातला प्रत्येक खराब एसएमपीएस (चार्जर-संगणकातला पॉवर सप्लाय) तुमचा रिपीटर उघडत बसेल. कंट्रोलरला आर्डुइनोचा छोटा बोर्ड पुरतो, नेटवर जोडायचं तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एसव्हीएक्सलिंक हे सॉफ्टवेअर. ऑडिओ स्पीकरच्या तारेवरून घेऊ नका, आवाज बोदा होतो.

तारमास्तर_मिरज :

एक राहिलं. भंगारवाल्याकडून सेट घेताना तो आधी कुणाच्या परवान्यावर होता ते विचारा, पावती घ्या. १९३३ चा वायरलेस कायदा असो की २०२३ चा दूरसंचार कायदा, परवानगीशिवाय ट्रान्समीटर जवळ ठेवणं गुन्हा आहे. आणि रिपीटरला दूरसंचार विभागाची वेगळी परवानगी लागते, वैयक्तिक परवान्यावर तो चालवता येत नाही. अर्ज आजच टाका, कॅव्हिटी होईपर्यंत कागद हलतील.

उद्यमनगरचा_टर्नर :

जागा ठरली का पण? पन्हाळ्यावर बसवा की, सगळा जिल्हा दिसतोय तिथनं.

शाहूपुरीकर :

पन्हाळगड संरक्षित स्मारक आहे, तिथं मनोऱ्याचा विचारही नको. आसपासच्या खाजगी जमिनीतली एखादी उंच वाडी, जिथं लाईट आहे आणि पावसाळ्यात गाडी जाते, अशी बघतोय. दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. आधी तिथून हँडी घेऊन गारगोटी, कागल आणि शिरोळच्या माणसांशी थेट बोलून बघायचं, मगच खांब रोवायचा. गगनबावडा मात्र कुठूनही सावलीतच राहील असं वाटतं, तिकडे पुढे वेगळी लिंक टाकावी लागेल.

टर्नरदादा, पहिली कॅव्हिटी पितळेच्याच दांड्याची करू, तळाची चकती १० मिलिमीटर जाड. दांडा पाटलांकडे चांदीला जाऊन आला की ब्रेझिंग करू नका, मुलामा जळेल. आधी ब्रेझिंग, मग चांदी.

उद्यमनगरचा_टर्नर :

आदी ब्रेझिंग, मग हुपरी. समजलं. मंगळवारी या दुकानात, सोमवारी आमची सुट्टी असतीय. पाइप मी बघून ठेवतो.